नगारा वाजण्याआधी

आईला म्हटलं, "महाराजांवर नवा सिनेमा येतोय. ऑर्केस्ट्रा जोरदार असणार बघ."

आई म्हणाली, "सिनेमात कशाला ऑर्केस्ट्रा? गणपतीत असतो तो."

तिची चूक नाही. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हणजे मंडळाचा मांडव, चकचकीत जाकिटातला निवेदक, एक किशोर, एक लता, मागं ऑक्टोपॅड आणि अकरा वाजले की पोलिसांची गाडी. साठ-सत्तर माणसं काळे कपडे घालून खुर्च्यांवर बसतात, समोर कागद ठेवतात आणि त्यातला एकही जण गात नाही, या प्रकाराला आपल्या बोलण्यात शब्द नाही. 'वाद्यवृंद' आहे, पण तो आकाशवाणीचा.

शेवटी म्हटलं, "'सैराट'च्या गाण्याआधी वाजतं ना, ते."

"मग तसं सांग की."

*

नोंद म्हणून: 'राजा शिवाजी'. दिग्दर्शक रितेश देशमुख, महाराजही तोच. कॅमेरा संतोष सिवन. संगीत अजय-अतुल. मे २०२५ मध्ये पोस्टर आलं, त्यावर तारीख १ मे २०२६, म्हणजे महाराष्ट्र दिन. मराठीबरोबर हिंदीतही.

पोस्टर आलं त्या दिवशी सगळे चेहरा बघत होते, दाढी बरोबर आहे का, जिरेटोप बरोबर आहे का. मी मोबाइलवर दोन बोटांनी फोटो मोठा करून खालची बारीक अक्षरं वाचत बसले. अजय-अतुल दिसलं आणि बरं वाटलं. गाण्यांची वाट सगळेच बघतात, ती आधी मोबाइलवर येतात आणि सिनेमा लागेपर्यंत पाठ झालेली असतात. मी वाट बघतेय ती गाणं नसतानाच्या संगीताची. घोडे दौडत असताना, कुणी दाराआड उभं असताना, आई मुलाकडे नुसती बघत असताना जे वाजतं त्याची.

पार्श्वसंगीत. भाचा त्याला 'बीजीएम' म्हणतो.

*

महाराजांच्या कथेचा पहिला संगीतकार अज्ञानदास. काही ठिकाणी अगिनदास. अफजलखानाच्या वधावरचा पोवाडा त्याचा, घटना ताजी असतानाच रचलेला. जिजाऊंच्या सांगण्यावरून रचला आणि बक्षीस म्हणून घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला, असं सांगतात. डफ, तुणतुणं आणि एक खडा आवाज, एवढ्यावर प्रतापगड उभा राहत होता. पडदा नव्हता, पण ऐकणाऱ्याला खान दिसत होता.

तुणतुण्याकडे जरा नीट बघा. एक तार, एक सूर, अख्ख्या पोवाड्याला पुरतो. शाहीर कितीही वर गेला, कितीही घाईत आला तरी ते आपलं त्याच जागी टुणटुणत असतं. पाश्चात्य वाद्यवृंदात हे काम चेलो आणि डबल बास करतात, एक खालचा सूर धरून ठेवायचा आणि वर काय व्हायचं ते होऊ द्यायचं. मला नेहमी वाटतं की शिवकालातला सगळ्यात मोठा प्रसंग एका धरलेल्या सुरावर निभावेल. एवढं धाडस कुणी करत नाही, कारण निर्माता विचारतो की बाकीच्या साठ जणांचे पैसे कशाला दिले.

*

'सैराट' (२०१६) हे मराठी सिनेमाच्या हिशेबात एक विचित्र पान आहे. करमाळ्याकडची रखरखीत रानं, विहीर, उसाचे फड, आणि त्यावर लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाजवलेली व्हायोलिनं. ती जागा मूळची एमजीएम स्टुडिओची. 'द विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत तिथलं, 'बेन-हर'चं तिथलं. ज्या लाकडी जमिनीवर रोमन रथ धावले, तिथं परशाचं खुळावणं वाजलं.

कागदावर हे हास्यास्पद दिसतं. मी थिएटरात बसेपर्यंत हसतही होते. मग पडद्यावर पोरगा पळत सुटला आणि व्हायोलिनांचा लोंढा आला, तेव्हा कळलं की यात युक्ती काय आहे. गावातल्या पोराच्या प्रेमाला कुणी आजवर एवढं मोठं मानलंच नव्हतं. त्याच्यासाठी आपल्याकडे ढोलकी होती, फार तर बासरी. अजय-अतुल या दोघा भावांनी त्याला राजपुत्राचं संगीत दिलं. पाटलाच्या घरात नसेल, पण पार्श्वसंगीतात परशाला मान मिळाला.

आता खरोखरच्या राजाची गोष्ट आहे, तेव्हा अडचण उलटी. मोठ्याला मोठं संगीत देण्यात नवल काय? राजाच्या कथेत लहान कधी व्हायचं, हे जमलं पाहिजे.

*

परकं, परकं म्हणून ज्या वाद्यांकडे बोट दाखवतात त्यांच्याबद्दल थोडं.

तंजावर. महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांच्या वंशातले दुसरे सरफोजी (१७७७–१८३२). त्यांच्या दरबारात पाश्चात्य वाद्यांचा ताफा होता, आणि पाश्चात्य स्वरलिपीतले कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. म्हणजे भोसल्यांच्या घरात व्हायोलिन येऊन दोनशे वर्षं झाली. शिवाजी महाराजांच्या सिनेमात व्हायोलिन कशाला, असं विचारणाऱ्याला मी हे सांगते. बहुतेक वेळा तो विषय बदलतो.

दुसरा रस्ता गोव्याचा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत. शिकवणाऱ्याला 'मेस्त' म्हणत. तिथली पोरं पुढे मुंबईला आली, आधी हॉटेलांत वाजवलं, मग स्टुडिओत. हिंदी सिनेमाचं जे 'मोठं' संगीत आपण ऐकत वाढलो त्याचे कागद या माणसांनी लिहिले. संगीतकार चाल सांगणार आणि कुणाला कुठला सूर, कुठं व्हायोलिन, कुठं क्लॅरिनेट, ते हे ठरवणार. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार. या गोन्साल्विसनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा केला होता, रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना त्यात वाजवल्या आणि गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे.

१९५८! आपण २०२५ मध्ये 'भारतीय सुरावटीला सिंफनीचा साज' असल्या मथळ्यांनी भारावून जातो.

*

मुंबईत रेकॉर्डिंगला व्हायोला वाजवणारा एक गोंयकार मित्र आहे. तीन पिढ्या याच धंद्यात. त्याच्याकडून ऐकलेलं, त्याच्याच क्रमाने:

सकाळी तारवाद्यं, दुपारी ब्रास. एकत्र बसवलं तर ब्रास तारांना खाऊन टाकतं, आणि मग मिक्सिंगला बसलेल्या माणसाला काही सोडवता येत नाही. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, त्यात घड्याळासारखं टक टक. त्याला क्लिक म्हणायचं. ती टकटक सोडून कुणी भावनेच्या भरात पुढे गेला की सगळ्यांना थांबावं लागतं. पडद्यावर काय चाललंय ते बहुतेक वेळा वाजवणाऱ्याला माहीतच नसतं. "माझ्या समोर कागदावर बत्तीस माप एकच सूर असतो," तो म्हणाला. "नंतर थिएटरात कळतं, की तेव्हा बाप मरत होता."

आणि आता अर्धं काम इथं होतच नाही. संगीतकार मुंबईत, वाजवणारे बुडापेस्टला नाहीतर स्कोपियेला, मधे इंटरनेट. तिथं तासाचा हिशेब स्वस्त पडतो आणि कागद समोर ठेवला की माणसं पहिल्याच फेरीत वाजवून मोकळी होतात.

"मग तुला राग येत नाही?"

"येतो. पण ते वाजवतात चांगलं. तेच जास्त लागतं."

*

संबळ आणि क्लिक. हे लग्न कसं लावायचं, यावर सगळं अडतं.

कमरेला बांधलेली दोन भांडी, एक लहान, एक मोठं, दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकलेली. गोंधळ सुरू होतो तेव्हा लय चालीची असते. तासाभराने तीच लय धावत असते, पण ती केव्हा धावायला लागली हे कुणालाच सांगता येत नाही. जागरणाला बसलेल्या बायकांच्या माना सांगतात. ही वाढ माणसांवरून होते, समोरचीच्या अंगात आलं की संबळ वाढतो, संबळ वाढला की आणखी एकीच्या अंगात येतं. हेडफोनमधल्या टकटकीला हे कसं सांगणार?

एक उपाय सोपा आणि वाईट. संबळाचा एक तुकडा रेकॉर्ड करायचा, क्लिकवर बसवायचा, मग तोच पुन्हा पुन्हा चिकटवायचा. अलीकडच्या बऱ्याच ऐतिहासिक सिनेमांत हे ऐकू येतं. संबळ आहे, पण तो घाम न आलेला संबळ आहे. दुसरा उपाय खर्चिक. आधी गोंधळ्याला मोकळं वाजवू द्यायचं, त्याची लय मोजून घ्यायची, आणि मग सत्तर जणांच्या कागदावर ती लय उतरवायची. म्हणजे वाद्यवृंद गोंधळ्याच्या मागं चालणार. अजय-अतुलकडून मला ही आशा आहे, कारण 'जोगवा'त त्यांनी देवीच्या वाद्यांना सजावट म्हणून वापरलं नव्हतं. त्या सिनेमाला २००८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काही उगाच नाही.

*

मागच्या महिन्यात एका लग्नाला गेले होते. दाराशी फेटेवाला तुतारी घेऊन उभा. पाहुणा आला की भों. पाव्हणा मोटारीतून उतरला की भों. उन्हाने त्याचा फेटा घामाने भिजला होता. गर्दी जरा कमी झाल्यावर मी जाऊन विचारलं, "यात सूर किती निघतात हो?"

"तुम्हाला किती पाहिजेत?"

मग त्याने तीन काढून दाखवले. खालचा सा, वरचा पंचम, त्याच्या वरचा सा. चौथा काढताना ओठ फाटल्यासारखा आवाज आला. "हा सकाळी निघतो. आत्ता जेवण झालंय."

नळीला भोकं नाहीत, झडपा नाहीत. फुंकर आणि ओठ, एवढ्यावर जे नैसर्गिक सूर निघतात तेवढेच. आणि गंमत म्हणजे युरोपातलं जुनं हॉर्न अगदी असंच होतं, शिकारीवर फुंकायचं शिंग. झडपा एकोणिसाव्या शतकात आल्या. त्याआधीच्या सिंफन्यांत हॉर्न वाजतं तेव्हा तो तुतारीचा सावत्र भाऊ बोलत असतो. अर्ध्या जगाच्या वीरश्रीच्या धुना या सा-पंचमाच्या उडीवर उभ्या आहेत. तेव्हा महाराजांची धून बांधणाऱ्याने तुतारी वरून चिकटवू नये, या तीन सुरांतूनच धून काढावी. मग ती रायगडाची तुतारीही वाजवू शकेल आणि परदेशातली सहा हॉर्नंही.

तुतारीवाल्याने नंबर दिला. वहीत लिहून घेतला. "शूटिंग-बिटिंग असलं तर सांगा," म्हणाला. "दिवसाचा रेट वेगळा आहे."

*

तुतारी आणि ट्रम्पेट यांत फरक काय, हा प्रश्न कधी लोकसभेच्या निकालात येईल असं कुणाला वाटलं होतं? २०२४ मध्ये एका पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि अपक्षांच्या यादीत ट्रम्पेट, ज्याचं मराठी नाव तिथं 'तुतारी' छापलेलं. दिंडोरीत त्या दुसऱ्या तुतारीला लाखावर मतं पडली. वाद्यवृंदशास्त्राचा एवढा मोठा तास महाराष्ट्रात त्याआधी झाला नव्हता.

*

"महाराजांच्या काळात ब्रास होतं का?" असं विचारणारे असतात. रॉबिन हूडच्या काळात कुठं होतं? १९३८ च्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'ला संगीत दिलं एरिख कोर्नगोल्डने. व्हिएन्नाचा माणूस, ऑपेरा लिहिणारा, ज्यू. त्याने आधी हा सिनेमा नाकारला होता. तेवढ्यात नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, परत जायला घर राहिलं नाही, आणि त्याने काम घेतलं. पुढं तो म्हणायचा की रॉबिन हूडने माझा जीव वाचवला. त्या संगीतात बाराव्या शतकातलं इंग्लंड शोधून सापडणार नाही, व्हिएन्ना मात्र पानापानावर आहे. तरीही आज तलवार उपसली की आपल्या कानाला ब्रास हवं असतं, ते त्याने लावलेल्या सवयीमुळे.

खरेपणा वाद्यांच्या यादीत नसतो, असं माझं मत. ते पक्कं आहे असं मात्र नाही. गिटार वाजलं तर मीही उठून जाईन.

*

आमच्या घरी 'शिवकल्याण राजा'ची कॅसेट होती. १९७४ ची ध्वनिमुद्रिका, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या वर्षीची. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, मधे बाबासाहेब पुरंदरे बोलणार. आमची कॅसेट कुणीतरी कुणाकडून तरी भरून घेतलेली, त्यामुळे 'ब' बाजू संपता संपता पुरंदरे अर्ध्या वाक्यात तुटायचे. वर्षानुवर्षं मला ते वाक्य तिथंच संपतं असं वाटत होतं.

त्यात प्रतापराव गुजरांवरची कुसुमाग्रजांची कविता आहे. सात माणसं, हजारोंच्या अंगावर. हृदयनाथांनी तिथं लढाई वाजवलेलीच नाही असं मला वाटतं. चाल सरळ धावत नाही, ती चढते, वळते, मधेच डोळे मिटते. लताबाई ओरडत नाहीत. जे गेले त्यांच्याकडे बघणाऱ्या बाईचा तो आवाज आहे. आजवर मराठीत वीररसावर जे काही झालं, त्यात ही चाल माझ्यासाठी सगळ्यात वर.

लताबाईंनी 'आनंदघन' नावाने भालजी पेंढारकरांच्या सिनेमांना संगीत दिलं, त्यातला 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) हा शिवकालीनच. तिथंही वाद्यं मोजकी. कोल्हापूरच्या बजेटात मोजकीच बसत असणार, हेही खरं. पण गरिबीने शिकवलेली शिस्त होती ती. श्रीमंतीत ती कोण पाळतो?

*

'छावा' (फेब्रुवारी २०२५). संगीत रहमानचं. मराठी मातीचा वास नाही अशी ओरड झाली. मला अर्धी पटली. संबळ नव्हता म्हणून नव्हे. सिनेमा सतत वरच्या पट्टीत होता आणि संगीताला खाली उतरायला जागाच नव्हती, हे माझं दुखणं.

*

आवाजाबद्दल एकदा नीट लिहायचं आहे.

आमच्याकडच्या एका मल्टिप्लेक्सात मागच्या वर्षी एक ऐतिहासिक पट बघताना शेजारच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मध्यंतरात म्हणाले, "आता बरं ऐकू येतंय." लढाई सुरू झाली की ढोल, त्यावर कोरस, त्यावर ब्रास, त्यावर तलवारी, त्यावर घोडे, त्यावर घोषणा. शंभर वाद्यं वाजत असतात आणि एकही ऐकू येत नाही.

हे दुखणं जुनं आणि जगभरचं. 'एल सिद' (१९६१) हा स्पेनच्या मध्ययुगीन वीरावरचा सिनेमा. संगीतकार मिक्लोश रोझा त्यासाठी स्पेनला जाऊन राहिला, तिथल्या जुन्या धुना अभ्यासल्या, आणि शेवटी त्याचं बरंचसं संगीत आवाजांसाठी कापलं गेलं. तो प्रसिद्धीच्या दौऱ्यावरही गेला नाही म्हणतात. मला त्याचं समजतं.

जपानी माणसाने यावर दोन उत्तरं देऊन ठेवली आहेत, दोन्ही एकाच दिग्दर्शकाची. कुरोसावाच्या 'सेव्हन सामुराय'मधली (१९५४) पावसातली शेवटची लढाई घ्या. संगीत नाही. पाऊस, चिखल, घोडे, माणसांच्या किंकाळ्या. तीस वर्षांनी 'रान'मध्ये (१९८५) त्याच माणसाने बरोबर उलटं केलं. किल्ला जळतोय, माणसं कापली जातायत, बाण, रक्त, आणि आवाज एकाचाही नाही. फक्त ताकेमित्सूचा वाद्यवृंद, संथ, वरून कुणीतरी पाहत असल्यासारखा. मग एकदम बंदुकीचा बार होतो आणि जगाचा आवाज परत येतो. तो बार मला अजून छातीत आठवतो.

एक तर तलवारी ऐकवा नाहीतर व्हायोलिन. दोन्ही एकदम म्हणजे लग्नात बँड आणि डीजे एकाच वेळी.

*

शत्रूचं संगीत.

इथं आपल्याकडे एक ठरलेला मसाला आहे. खान पडद्यावर आला की खर्जातला गुरगुराट, वर अरबी वळणाची तान, मागं कावळे. प्रेक्षकाला चेहरा दिसायच्या आधी कळलं पाहिजे की हा वाईट.

आयझेनस्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की'त (१९३८) प्रोकोफिएव्हने जर्मन सरदारांची शिंगं वाजवायला लावली ती मायक्रोफोनच्या तोंडाशी, मुद्दाम, आवाज फाटावा म्हणून. ऐकणाऱ्या रशियनाला ती किळसवाणी वाटली पाहिजेत. तो प्रचारपट होता आणि प्रोकोफिएव्हला ते माहीत होतं. तरी त्यात अक्कल आहे. शत्रूचा आवाज शत्रूच्याच वाद्यातून काढला, मसाल्यातून काढला नाही.

आता आदिलशाही. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, महाराजांच्या जन्माआधी थोडीच वर्षं वारलेला, संगीताचा एवढा वेडा की त्याने 'किताब-ए-नवरस' लिहिलं, दख्खनी भाषेत, रागांत गायच्या पदांचं पुस्तक. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने नाव ठेवलं होतं, मोतीखान. शहाजीराजे ज्या दरबारात वावरले त्या दरबाराच्या भिंतींनी हे सगळं ऐकलेलं होतं. तिथं गुरगुराट कसला वाजवता? विजापूरचं संगीत सुंदर असलं पाहिजे. इतकं सुंदर, की तिथं राहावंसं वाटावं. म्हणजे मग ते सोडून डोंगरात जाणाऱ्या पोराचा निर्णय किती अवघड होता ते कळेल.

अजय-अतुल असं करतील का? वाटतं खरं. पण गर्दीच्या शिट्ट्या कुठल्या बाजूला आहेत हे त्यांनाही माहीत आहे.

*

त्यांची आणखी एक पंचाईत, त्यांनीच करून ठेवलेली.

२००८ साली 'राजा शिवछत्रपती' मालिका आली. शीर्षकगीत अजय-अतुलचं, शब्द कवी भूषणाचे, ब्रजभाषेतले, साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. आज शिवजयंतीला ते ज्या गल्लीत वाजत नाही ती गल्ली महाराष्ट्रात नसावी. ज्या पोरांना ब्रजभाषेचं एक अक्षर कळत नाही ती सगळा छंद घडाघडा म्हणतात. लग्नात नवरदेव त्यावर एंट्री घेतो, जिममध्ये लागतं, रिक्षात लागतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तर त्यावर पुठ्ठ्याची तलवार घेतलेला एक तरी पहिलीतला मावळा रडतो.

आता तेच दोघं, तोच राजा, आणि मधे इतकी वर्षं. लोकांच्या कानात महाराज म्हणजे ती धून बसली आहे. दुसरी कुठलीही ऐकवली की म्हणणार, 'पहिल्यासारखं नाही.' तीच ऐकवली की म्हणणार, 'नवीन काय केलं?'

राग वाद्यवृंदात बसवताना कोमल रिषभाखाली कुठला कॉर्ड ठेवायचा, हे कोडं त्यापुढं काहीच नाही.

*

भाच्याने विचारलं, "तुला नक्की काय हवंय?"

मी म्हटलं, आग्र्याहून सुटका कुणीही दाखवो, तिथं ढोल नकोत. पेटारे उचलणाऱ्यांच्या पावलांची लय पुरे, खाली नुसते डबल बास, बोटांनी छेडलेले. जिजाऊ आल्या की लगेच बासरी नको. त्या बाईने जहागिरी चालवली आहे, तिला व्हायोला द्या, मधल्या उंचीचा, न चमकणारा आवाज. बाजीप्रभूंना कोरस नको. आणि राज्याभिषेकाला, सगळे जिथं सगळं वाजवणार, तिथं एक क्षण...

"मावशी, तूच कर ना मग संगीत."

*

गेल्या आठवड्यात रायगडावर जाऊन आले. पावसाळी धुकं होतं, दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. नगारखान्याचा दरवाजा एकदम अंगावर आला.

तिथला गाइड चाळिशीचा, प्लास्टिकचा रेनकोट घातलेला. त्याने आम्हाला दहाबारा जणांना नगारखान्यापाशी उभं केलं आणि म्हणाला, "मी सिंहासनाच्या जागी जातो. तिथनं कागद फाडतो. इथं ऐका. कागद हाय का कुणाकडं?" सगळ्यांकडे मोबाइल होते. कागद माझ्याकडेच निघाला. वहीचं मागचं पान फाडून दिलं. तो धुक्यात दिसेनासा झाला.

आम्ही उभे. कुणीतरी सवयीने मोबाइलवर ते शीर्षकगीत लावलं, व्हिडिओला मागं असावं म्हणून.

धुक्यातून आवाज आला, "ते बंद करा वो! मलाच हितं ऐकू येतंय!"

बंद झालं. पाणी ठिबकत होतं, तेही लांब गेल्यासारखं वाटलं. मग, अगदी कानाशी कुणी करावं तसं, टर्रर्र.

एक लहान मुलगी आईच्या मागं सरकली. कुणी बोललं नाही. गाइड तिकडून म्हणाला, "आलं?" तेही हळूच, आणि तेही आलं.

तो परत आला तेव्हा मी कागद मागितला. त्यावर तुतारीवाल्याचा नंबर होता. त्याने खिसे चाचपले. चार तुकडे निघाले, भिजलेले, आकडे निळे होऊन वाहून गेलेले.

"गडावर टाकत नाही आम्ही," तो म्हणाला, आणि ते परत खिशात घातले.